रिकाम्या गाडीचा वारा

नागपूरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाडी सुटायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या जातात. वजन किती, माल काय आणि पोचायचं कधी. वजनासाठी धर्मकाटा आहे, मालासाठी बिल्टी आहे, पोचण्यासाठी पार्टीचा दर अर्ध्या तासाने येणारा फोन आहे. वारा किती, हे विचारायची पद्धत नाही. कोणी विचारलंच, तर हा बाबा या धंद्यात कशाला आला, अशा नजरेने लोक त्याच्याकडे बघतात.

माझं काम गाड्या लावण्याचं होतं. कोणत्या मालाला कोणता ट्रेलर, त्यावर कोणता ड्रायव्हर आणि फाटकाबाहेर केव्हा सोडायचं, एवढंच. नागपुरात या कामाला तोटा नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतेकडून पारादीपकडे जाणारा ५३ इथेच एकमेकांना छेदतात. २०१० मध्ये महामार्गांचे नंबर बदलले, पण जुने ड्रायव्हर अजून ‘सात नंबर’ आणि ‘सहा नंबर’च म्हणतात. दिल्लीकडच्या नव्या मोटारी दक्षिणेत नेणारे लांबलचक कार कॅरिअर, अजनीच्या डेपोतून निघणारे कंटेनर, हिंगण्याच्या कारखान्यातले ट्रॅक्टर वाहून नेणारे ट्रेलर, असं सगळं इथूनच जातं. शहर देशाच्या मध्यावर असल्याचा अभिमान आम्हाला झिरो माइलच्या दगडापुरता असतो. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र त्या मध्याची भाकरी मिळते.

एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस नीट लागेपर्यंत दुपारी तीननंतर फोन वाजला की पोटात गोळा यायचा. बुटीबोरीच्या पुढे गाडी कच्च्यात उतरली, जामच्या अलीकडे कंटेनर आडवा झाला, देवलापारजवळ ट्रेलरने दुभाजक घासला. असा फोन आला की माणूस बरा आहे ना, हे आधी विचारायचं आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘भरलेली का खाली?’ उत्तर बहुतेक वेळा ‘खाली’ असंच यायचं.

धंद्याचा हिशेब याच्या नेमका उलटा. आमच्याकडे भीती असते ती भरलेल्या गाडीची. पंचवीस टन माल अंगावर असताना ब्रेक लागेल का, घाटात गिअर पडेल का, टायर टिकेल का, याची. म्हणून भरलेली गाडी जुन्या, मुरलेल्या ड्रायव्हरला देतात. नवीन पोराला हात बसावा म्हणून खाली गाडी देतात. ‘जा बे, खालीच तर आहे,’ असं म्हणूनच त्याला किल्ली देतात. थंडीत हे ठीक. मे महिन्यात मात्र आमच्याकडची सगळ्यात अवघड गाडी आम्ही सगळ्यात कच्च्या हातात देत होतो.

हे मला नीट दाखवलं ते रामटेककडच्या एका ड्रायव्हरने. सगळे त्याला मामा म्हणत. हिंगणघाटच्या एका पार्टीशी भाड्यावरून वाद झाला होता, तो मिटवायला मी त्याच्या केबिनमध्ये बसून निघालो होतो. मागे ४० फुटी हायक्यूब कंटेनर, पूर्ण रिकामा. तिकडे सुताचे गठ्ठे भरून तो परत डेपोत यायचा होता. जामचा चौक मागे पडला. दोन्ही बाजूंना काळी रानं, पऱ्हाट्या केव्हाच उपटून झालेल्या, नजर जाईल तिथवर आडोशाला बाभळीचं झाडसुद्धा नाही. मामाने काहीही दिसत नसताना वेग कमी केला. साठवरून चाळीस, चाळीसवरून तीस. मी विचारलं, ‘काय झालं?’

‘पश्चिमेकडे पाहा न साहेब. आभाळ कसं पिवळं होऊन राहिलं. वावधन येते आता.’

दूर क्षितिजाला लागून धुळीची एक पट्टी होती, तेवढीच. मामाने डावीकडच्या एका ढाब्याच्या मोकळ्या जागेत गाडी घातली आणि मोठा वळसा घेऊन तोंड परत रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे करून उभी केली. मग टॉमी आणि हातोडा घेऊन खाली उतरला आणि कंटेनरचे चारही कोपरे बघत फिरला. कंटेनर ट्रेलरवर नुसता ठेवलेला असतो. चार कोपऱ्यांना चार ट्विस्ट लॉक असतात, ते कोपऱ्याच्या भोकात जाऊन आडवे फिरले की पेटी चासीशी बांधली गेली. मागचा एक लॉक गंजलेला होता. फिरला होता, पण पुरता नाही. मामाने त्याच्या दांडीवर चार-पाच घाव घातले, ती शेवटपर्यंत बसली तेव्हा हाताने हलवून पाहिली आणि मग वर चढला.

‘भरलेला कंटेनर असला तर हा लॉक नसला तरी बसून राहते,’ तो म्हणाला. ‘खाली डब्बा मात्र उचलते. चासी राहते रोडवर आन् डब्बा जाते वावरात.’

पाचेक मिनिटांत वारा आला. आमच्या तोंडावर येत होता तरी केबिन कमानींवर डोलायला लागली, काचेवर खडे वाजायला लागले. तेवढ्यात नागपूरकडून एक रिकामा ट्रेलर आमच्यासमोरून दक्षिणेला गेला, बऱ्यापैकी वेगात. मला त्याचा घोडा सरळ जाताना दिसला. घोडा म्हणजे पुढचं ओढणारं इंजिन. मागचा ट्रेलर मात्र त्याच्या रेषेत नव्हता. शेपटाकडची चाकं डांबर सोडून डाव्या अंगाच्या कच्च्यात धूळ उडवत होती. ड्रायव्हरला ते आरशात उशिरा दिसलं असावं, कारण ब्रेक दिवे लागले आणि त्याबरोबर शेपूट आणखी बाहेर गेलं. नशीब त्याचं, पुढे भराव उतरता नव्हता. तिथेच धुळीत तिरपा थांबला.

‘त्यानं ब्रेक नव्हता मारायचा,’ मामा म्हणाला. ‘पाय उचलायचा फक्त. खाली गाडीचं चाक आधीच हलकं राहते, त्यात ब्रेक मारला तं घसरलंच ना ते.’

त्यानंतर मी हिशेबाला बसलो. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं, पण गुणाकार येतो. ४० फुटी हायक्यूबची एक बाजू साधारण १२.२ मीटर लांब आणि २.९ मीटर उंच, म्हणजे पस्तीस चौरस मीटर पत्रा. ताशी ५० किलोमीटरचा वारा या पत्र्यावर सरळ आडवा आला तर ढकल पडते जवळपास ५०० किलोची. वारा दुप्पट झाला तर ढकल दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी १०० ला ती दोन टनांवर जाते. आणि रिकामा डबा सगळा मिळून चार टनांच्या आतबाहेर. ढकल डब्याच्या मध्यावर लागते, म्हणजे जमिनीपासून पावणेतीन-तीन मीटर उंचीवर, आणि धरून ठेवणारं वजन चाकांच्या कडेपासून जेमतेम सव्वा मीटर आत. आत पंचवीस टन माल असता तर हाच वारा त्याच्या खिजगणतीत नसता. मामाने तोंड वाऱ्याकडे का केलं तेही याच हिशेबात बसतं. समोरचा पत्रा सात चौरस मीटरच आहे, बाजूच्या पाचव्या हिश्शाएवढाच.

दुसरी गोष्ट वेगाची. ड्रायव्हर लोकांचा समज असा की वारा जोरात असेल तर वेगात निघून जावं, गाडी ‘रोडला चिकटते’. चिकटत नाही. गाडीचा स्वतःचा वेग आडव्या वाऱ्यात मिसळतो. ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीला ताशी ५० चा आडवा वारा प्रत्यक्षात तिरपा, ताशी ९४ चा होऊन भेटतो. वेग कमी केला की तो घटतो, आणि शिवाय चूक सावरायला वेळ मिळतो. ट्रेलरला तर दुहेरी दुखणं. घोडा आणि ट्रेलर किंगपिनवर जोडलेले, मध्ये सांधा. ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग आहे ते घोड्याचं. वारा लागतो ट्रेलरला, बारा मीटर मागच्या पत्र्याला. ड्रायव्हरला ढकल जाणवते तोवर शेपूट आपल्या वाटेने निघालेलं असतं.

रस्त्याची दिशाही पाहावी लागते. आमच्याकडची मेमधली वादळं, माझ्या पाहण्यात तरी, बहुतेक पश्चिमेच्या अंगाने येतात. भंडारा रोड पूर्वेला जातो, तिथे वारा पाठीला किंवा तोंडाला लागतो. हैदराबाद रोड आणि जबलपूर रोड दक्षिण-उत्तर, तिथे तोच वारा बरोबर बरगडीत. दक्षिणेला जाणाऱ्या गाडीला तो कच्च्याकडे लोटतो, नागपूरकडे येणाऱ्या गाडीला दुभाजकाकडे. म्हणून वणा नदीच्या पुलावर, भराव संपून मोकळं होतं तिथे, किंवा दुसऱ्या ट्रकच्या आडोशातून ओव्हरटेक करून बाहेर पडताना, असा झटका एकदम बसतो. सतत वाहणारा वारा ड्रायव्हर सांभाळून घेतो. तो अचानक सुटतो किंवा अचानक लागतो, तेव्हा गोंधळ होतो. वर पहिल्या पावसाचे चार थेंब पडले की डांबरावरचं वर्षभराचं तेल ओलं होतं, आणि हलक्या चाकाखाली रस्ता साबण लावल्यासारखा होऊन बसतो.

नागपूर समुद्रापासून लांब, मग इथे कसला वारा, असं मुंबईचे लोक म्हणतात. त्यांना मी एक आकडा सांगतो. इमारती आणि मनोरे बांधताना वाऱ्याचा भार धरण्यासाठी आयएस ८७५ नावाचं भारतीय मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात शहरांचे मूळ वाऱ्याचे वेग दिले आहेत. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४, आणि नागपूरलाही ४४. ताशी १५८ किलोमीटरचा हा झोत पन्नास वर्षांत एखाद्या वेळी येईल असा, रोजचा नव्हे. पण सीताबर्डीच्या गच्चीवर होर्डिंग उभं करणाऱ्याला हा आकडा धरावा लागतो. त्या होर्डिंगपेक्षा मोठा पत्रा चाकांवर चढवून ताशी ८० ने पळवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

खाली गाडी वेगात पळते यालाही कारण आहे. खाली फेरीचं भाडं कोणी देत नाही. भरलेल्या फेरीत डिझेल जळतं त्याचे पैसे पार्टी भरते, खाली फेरीचं डिझेल मालकाच्या खिशातून जातं. म्हणून मालकाचा हट्ट, खाली गाडी लवकर पोचव, पुढचा माल घे. ड्रायव्हरलाही वाटतं, वजन नाही तर गाडी उचल चांगली देते, आवरून टाकू. म्हणजे जिला सगळ्यात हळू जायला हवं तीच सगळ्यात जोरात जाते. कार कॅरिअरचंही तेच. मोटारी उतरवून परतणारा पिंजरा, चारी बाजूंनी पत्रा ठोकलेला, आत नुसती हवा. आतल्या मोटारी खरचटू नयेत म्हणून ठोकलेला तो पत्रा परतीच्या वाटेवर शीड होतो.

गावाकडे हे ज्ञान आधीपासून आहे, फक्त कोणी ते शास्त्र म्हणून सांगत नाही. आमच्या भागात सोयाबीनची मळणी झाली की कुटाराच्या गाड्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चारी बाजूंनी बांबू आणि जाळी लावून कुटार असं भरतात की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही, नुसता एक फुगलेला डोंगर रस्त्यावरून चाललेला दिसतो. कापसाच्या ट्रॉलीही तशाच. वजन थोडं, अंग मोठं. मी एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ट्रॉली भरताना पाहत होतो. पोरं मागच्या फाळक्याकडे गच्च भरत होती, कारण चढायला तिथून सोपं. म्हाताऱ्याने खालून ओरडून सांगितलं, ‘तोंडावर घ्या रे, तोंडावर! मांगं भरलं तं ट्रॉली ट्रॅक्टरले नाचवते.’

त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. एका आसाची ट्रॉली म्हणजे चाकांवर ठेवलेला तराजू. वजन आसाच्या पुढे असेल तर दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर दाबून बसते. आसाच्या मागे गेलं तर दांडी वर उचलायला पाहते. सायकलच्या कॅरिअरवर मागच्या टोकाला पोतं बांधलं की हँडल हातात कसं तरंगतं, तसंच. अशी शेपूटजड ट्रॉली सरळ चालते तोवर चालते. वाऱ्याचा एक झोत, रस्त्यावरची एक भेग, बाजूने गेलेली एक बस, एवढं पुरतं. शेपूट एकदा डावीकडे गेलं की परत येताना मध्यावर थांबत नाही, उजवीकडे जातं, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. वारा फक्त पहिला धक्का देतो. पुढचं सगळं ट्रॉली आपणच करते. ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगाने चालतो म्हणून गावाकडे निभावतं.

हे सगळं मला पुन्हा आठवावं लागलं ते नोकरी सोडल्यावर. आता मी हिंगणा भागातल्या एका फॅब्रिकेशन शॉपला मदत करतो. छोटे ट्रेलर बनतात तिथे. खाण्याच्या गाड्या, जनरेटरच्या गाड्या, आणि मधूनमधून कॅराव्हॅन. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात एका आसाची, दोन आसांची कॅराव्हॅन, तंबूचा ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन, असे ओढून न्यायचे प्रकारही धरले आहेत. तरी आपल्याकडे बसच्या चासीवर बांधलेलं घरच जास्त चालतं. एसयूव्हीच्या मागे घर ओढत नेणारे लोक मोजकेच. पण येतात. एका कुटुंबाला पेंच आणि ताडोबाला मुलांना घेऊन राहायचं होतं, हॉटेलची बुकिंगं मिळत नाहीत म्हणून.

नकाशा त्या घरच्या वहिनींनी स्वतः काढून आणला होता, आणि तो घराच्या दृष्टीने अगदी बरोबर होता. मागचं दार उघडलं की ओटा, ओट्याखाली सिलिंडर, त्याशेजारी ८० लिटरची पाण्याची टाकी. बाहेर उभं राहून स्वयंपाक होईल, आत धूर नाही. पुढच्या भागात पलंग, पलंगावर गाद्या. म्हणजे जेवढं जड ते सगळं मागे आणि पुढे नुसता कापूस. गाडी तशीच बनली, टाकी भरून आम्ही ती सपाट फरशीवर उभी केली, पुढच्या दांडीखाली लाकडाचा ठोकळा आणि ठोकळ्याखाली घरातला माणसांचं वजन करायचा काटा ठेवला. सगळी कॅराव्हॅन ९०० किलोची. काट्यावर दिसले २० किलो.

ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनवाले एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के हुकावर ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. आमच्या दांडीवर सव्वादोन टक्केही नव्हते. वहिनींना मी म्हटलं, टाकी पुढे घ्यावी लागेल. त्या म्हणाल्या, ‘काहो, नळ मागे आणि टाकी पुढे, मग मधनं पाइप जाणार. पाइप गळला तर गादी भिजेल ना?’ शंका रास्त होती. शॉपच्या मालकालाही पुन्हा वेल्डिंग नको होतं. तो म्हणाला, ‘भाऊ, हे काय ट्रेलर आहे का तुझ्या कंटेनरसारखं? चालून जाते.’ मग मी वहिनी आणि त्यांच्या साहेबांना घेऊन शॉपमागच्या लांब मोकळ्या रस्त्यावर गेलो. साहेबांनी गाडी चालवली, मी शेजारी. चाळीसला काही नाही. पन्नासला काही नाही. साठ ओलांडल्यावर मी त्यांना स्टिअरिंगला किंचितसा हिसका द्यायला सांगितलं, तेवढाच, वाऱ्याच्या झोताएवढा. मागचं घर हललं, परत आलं, पुन्हा हललं, दीड-दोन सेकंदांना एक हेलकावा, आणि तिसऱ्या हेलकाव्याला गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर जायला लागला. साहेबांचा हात आपोआप उलट्या दिशेने वळायला लागला. मी म्हटलं, ‘हात सरळ ठेवा, पाय उचला, ब्रेक नको.’ वेग पंचेचाळीसवर आला तसं ते सगळं आपोआप शांत झालं.

हा भाग मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण त्या क्षणी हात-पाय चुकीचंच करतात. माणूस हेलकाव्याला उत्तर द्यायला जातो आणि त्याचा हात नेहमी अर्धा क्षण मागे असतो, म्हणून प्रत्येक उत्तर पुढच्या हेलकाव्याला हातभार लावतं. जोरात ब्रेक मारला तर मागचं वजन पुढच्या गाडीला कोपऱ्यातून ढकलतं. वेग वाढवून ‘ओढून सरळ’ करायला गेलं तर आणखी बिघडतं, कारण हेलकावा शांत करण्याची गाडीची ताकद वेगाबरोबर कमी होत जाते. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, त्याच्या खाली हेलकावा विरतो आणि त्याच्या वर वाढतो. तो वेग कुठे आहे, ते वजन कुठे ठेवलं यावर बरंचसं ठरतं.

टाकी आसाच्या पुढे गेली. पाइप गादीखालून न नेता चासीच्या बाहेरून नेला, त्यामुळे वहिनींचीही शंका मिटली. काट्यावर ७० किलो आले, आठ टक्क्यांच्या जरा आत. त्याच रस्त्यावर, तोच हिसका. दुसऱ्या हेलकाव्याला गाडी सरळ.

वारा मात्र टाकी सरकवून जात नाही. ही मंडळी पेंच-ताडोब्याशिवाय समृद्धी महामार्गानेही जाणार होती. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येकाला तिथून जायचं असतं. मोटारीला ताशी १२० ची मुभा, ट्रकला ८०. उंच भराव, दोन्ही बाजू मोकळ्या. कॅराव्हॅन घेऊन सत्तरने चाललं तर मागून ट्रक आणि बस येऊन ओव्हरटेक करणारच. मोठ्या गाडीच्या तोंडापुढे दाबली गेलेली हवा आधी कॅराव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याला बाहेर ढकलते, आणि मग तिच्या अंगालगतचा कमी दाब तिला स्वतःकडे ओढतो. एका ट्रकचे दोन झटके. वर नैसर्गिक वारा त्याच बाजूने असेल तर ट्रक शेजारी असेपर्यंत तो अडतो आणि पुढे गेला की एकदम लागतो. मी त्यांना सांगितलं, आरशात मोठी गाडी दिसली की आधीच पाय हलका करा आणि डावी बाजू धरा. साहेब म्हणाले, ‘म्हणजे सत्तरच का?’ मी म्हटलं, ‘सत्तरच. शंभरने जायचं असेल तर घर घरीच ठेवा.’ ते हसले. पण सत्तरने गेले असतील की नाही, याची मला खात्री नाही. मागे घर लावलं तरी पुढच्या गाडीचं इंजिन तेच असतं आणि नागपूरच्या माणसाचा पायही.

वाऱ्याची दखल घेणारी माणसं आपल्याच देशात आहेत, फक्त रुळांवर. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरच्या पुलावर, गोव्यातल्या मांडवी आणि झुआरीच्या पुलांवर आणि होन्नावरजवळ शरावतीवर वारा मोजायची यंत्रं बसवली आहेत. पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच, दरीतला वारा तिथे मोकळा सुटतो. वारा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की स्टेशनला कळतं आणि गाडीचा वेग आवरला जातो किंवा गाडी थांबवली जाते. मला यातली मौज अशी वाटते की याच कोकण रेल्वेवर १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेतात. म्हणजे आमचाच एखादा ट्रक कोलाडला वॅगनवर चढला की त्याच्या वाऱ्याची काळजी घ्यायला यंत्र असतं, आणि वेर्ण्याला उतरून पुन्हा रस्त्याला लागला की ती काळजी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येते.

माझा भाचा अमेरिकेत असतो, सॉफ्टवेअर चालवतो, ट्रेलर नाही. त्याने एकदा वायोमिंगमधल्या आय-८० महामार्गावरच्या फलकाचा फोटो पाठवला होता. जोराच्या वाऱ्यात तिथे रस्ता सगळ्यांना बंद करत नाहीत, फक्त हलक्या आणि उंच गाड्यांना बंद करतात. भरलेला ट्रेलर जातो, रिकामा थांबतो. इंग्लंड-वेल्समधल्या सेव्हर्न पुलावरही जोराच्या वाऱ्यात उंच बाजूंच्या गाड्यांना मनाई होते. म्हणजे हा हिशेब करता येतो आणि सरकारी फलकावर लिहिताही येतो.

आमच्याकडे फलक नाही, पण माहिती आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे पुढच्या तीन तासांचे इशारे आता मोबाइलवर येतात. कुठल्या जिल्ह्यात विजा, वारा ताशी ३० ते ४० की ५० ते ६०, पिवळा की नारिंगी. जुन्या काळी मी मामाच्या डोळ्यांवर चालत होतो. नंतर हे इशारे येऊ लागल्यावर माझा नियम साधा होता. मे महिन्यात वर्धा, नागपूर किंवा चंद्रपूर जिल्ह्याला नारिंगी इशारा असेल तर दुपारी तीननंतर खाली कंटेनर आणि खाली कॅरिअर फाटकाबाहेर सोडायचा नाही. भरलेली गाडी जाऊ द्यायची. मालकाला हे पटवायला वेळ लागला. त्याचं म्हणणं सरळ होतं, ‘भरलेली सोडतोस आणि खाली अडवतोस, लोक हसतील रे.’ नवीन पोरांना खाली गाडी द्यायची प्रथाही मी मेपुरती उलटी केली, तेव्हा जुने ड्रायव्हर चिडले. त्यांच्या वाट्याला बिनभाड्याची, बिनबक्षिसाची फेरी आली. मामा एकटा काही बोलला नाही, पण त्यानेही जास्तीचा भत्ता मागितला आणि तो त्याला मिळायलाच हवा होता.

खरी अडचण कागदावर आली. गाडी तीन तास उशिरा पोचली की पार्टी भाड्यातून पैसे कापते. उशिराचं कारण लिहायला रकाना असतो. त्यात ट्रॅफिक जाम चालतो, पाऊस चालतो, टायर पंक्चर चालतं, आरटीओने अडवलं हेही चालतं. ‘वारा’ असं लिहिलं की समोरचा हिशेबनीस फोन करून विचारतो, पाऊस होता का? नव्हता म्हटलं की पैसे कापतो. काही ड्रायव्हर म्हणून सरसकट पाऊस लिहू लागले. मी त्यांना तसं न करायला सांगायचो, कारण त्या दिवशी हिंगणघाटला कडकडीत ऊन असेल तर खोटं लगेच पकडलं जातं. आता वाडीतली नवीन पोरं बिल्टीबरोबर हवामान केंद्राच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट लावतात, वेळेसकट. काही पार्ट्या तो मान्य करतात. काही अजून म्हणतात, गाडी तर खालीच येत होती, मग थांबायचं काय कारण?